रांगेच्या टोकाला, उजव्या हाताला

सिंगापुरात, बिशानच्या कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये आमची नाचाची रांग नेहमी आखूड असायची. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्या आखूडपणातून आलं.

कॉन्ट्रा हा अमेरिकन लोकनाच जोडीने करायचा असला तरी तो खरा रांगेचा नाच आहे. दोन लांब रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एक जोडी शेजारच्या जोडीबरोबर चौघांचा गट करते, हात धरून फिरते, गिरक्या घेते, आणि धून पुरी झाली की दोन्ही जोड्या एकमेकींना ओलांडून एक घर पुढे सरकतात. पुढे नवी जोडी उभी असते, तिच्याबरोबर पुन्हा तेच. अर्ध्या जोड्या वर चाललेल्या असतात, अर्ध्या खाली. असं सरकत सरकत तुम्ही टोकाला पोचता आणि तिथे पुढे कोणीच नसतं. भिंत असते, नाहीतर पाण्याच्या बाटल्यांचं टेबल. एक फेरी तिथे थांबायचं, तोंड फिरवायचं आणि उलट्या दिशेने पुन्हा रांगेत शिरायचं. लांब रांगेत टोक क्वचित येतं. आमच्या रांगेत ते सारखं यायचं.

आणि टोकाला आमची माणसं हरवायची.

आमची म्हणजे मराठी. त्यांना तिथे आणलं होतं मी. मी तेव्हा युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करत होतो. प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने मला पहिल्यांदा या हॉलवर नेलं ते निव्वळ माणूस कमी पडत होता म्हणून. शिकवणाऱ्या बाई अमेरिकन होत्या, निवृत्त शिक्षिका. नवऱ्याच्या नोकरीमुळे सिंगापुरात आल्या आणि इथेच रमल्या. मी त्यांना मनातल्या मनात बाई म्हणायचो, कारण आमच्या गावच्या शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येक स्त्रीला बाईच म्हणायचं असतं. पुढे सगळेच त्यांना बाई म्हणू लागले, आणि त्यांना ते नाव आवडलं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे शिकायचं म्हणजे पास व्हायचं, एवढंच मला माहीत होतं. पुढे कुठलीही परीक्षा नसताना एका मोठ्या माणसाने इतका जीव लावून मला काही शिकवावं, हे त्या हॉलमध्ये पहिल्यांदा घडलं. मी चुकलो की बाई हसायच्या. त्या हसण्यात शिक्षा नसायची. मला ती जागा फार आवडली आणि मी माणसं गोळा करत सुटलो. गणपतीत ओळख झालेली जुरोंग ईस्टची आयटीवाली जोडपी, युनिव्हर्सिटीतले विद्यार्थी, असे करत अर्धी रांग मराठी झाली.

एके दिवशी बाई मला म्हणाल्या, "तुझी माणसं मधे फार छान नाचतात. टोकाला गेली की त्यांना काय होतं? टोक तू शिकव त्यांना."

काय होत होतं ते मला कळत होतं. टोकाला पोचल्यावर आमच्या माणसांना वाटायचं, आपलं झालं. नवरा पाणी प्यायला जायचा, बायको पोराला बघायला. एकाने तर तेवढ्यात पुण्याच्या ऑफिसचा फोन घेतला. धून पुन्हा सुरू व्हायची, खालून आलेली जोडी हसतमुखाने हात पुढे करायची आणि समोर टेबल. मग तीही थांबायची, तिच्या मागची तिच्यावर आदळायची. एक जण टोकाला जाऊन पाणी प्यायला की अर्धी रांग मोडायची.

मी त्यांना म्हटलं, "पंगतीत आपलं जेवण आधी झालं तर आपण उठतो का?"

"नाही."

"का नाही?"

"शेजारचे जेवतायत ना अजून."

"तसंच आहे हे. तुमचं झालेलं नाही. तुम्ही फक्त थांबलायत."

हे त्यांना पटलं. पाणी पिणं बंद झालं. पण मग दुसरी भानगड सुरू झाली.

या नाचात जोडीतला एक जण डावीकडे असतो, एक उजवीकडे. सहसा पुरुष डावीकडे, स्त्री उजवीकडे. हा नियम मोडला की पुढच्या गटात चौघांचे हात चौघांना सापडत नाहीत. टोकाला पोचल्यावर तोंड फिरवताना दोघांनी जागांची अदलाबदल करायची, म्हणजे उजवीकडचा माणूस पुन्हा उजवीकडेच राहतो. आमच्या सगळ्यांची अडचण अशी की शाळेत पीटीच्या तासाला 'मागे फिर' अंगात भिनलेलं. टोक आलं की दोघंही आपापल्या जागी टाच फिरवून असे कडक वळायचे की बघत राहावं. आणि बायको बरोबर डाव्या हाताला जायची.

मी सांगून थकलो. इंग्रजीत सांगितलं, मराठीत सांगितलं, खडूने बाण काढले. शेवटी हा प्रश्न सोडवला जुरोंग ईस्टच्या एका जोडप्यातल्या बायकोने. तीही इंजिनियर, नवराही इंजिनियर, आणि दोघांचं भांडण भर हॉलमध्ये चालायचं.

"अरे, मागच्या महिन्यात सत्यनारायणाला बसलो तेव्हा मी कुठल्या हाताला होते?"

नवरा विचार करून म्हणाला, "उजव्या."

"मग आत्ता मला डावीकडे कशाला ढकलतोस? भटजी असते तर उठवलं असतं तुला पाटावरून!"

सगळी मराठी रांग हसली, आणि त्या हसण्यात सगळ्यांना एकदम कळलं. पूजेला बसायचंय. वळलात की पूजेला बसायचंय. त्यानंतर आमच्यातलं कोणी टोकाला चुकलं असेल तर मला आठवत नाही. कोणी टोकाला पोचलं की मी नुसता ओरडायचो, "पूजा!" की दोघं जागा बदलून ठाकठीक उभे. बाईंनी अर्थ विचारून घेतला आणि माईकवरून त्याही "पूजा!" म्हणू लागल्या. बिशानच्या ब्लॉकमध्ये राहणारी एक चिनी ऑन्टी यायची, शाळेत क्लार्कची नोकरी करून निवृत्त झालेली. ती घोटाळ्यातल्या जोड्यांना खांद्याला धरून फिरवायची आणि तिथल्या लकबीने 'लाह' जोडून म्हणायची, "पूजा, लाह! पूजा!"

मला मात्र जुरोंग ईस्टवाली सोडत नसे. "सर, तुम्ही आम्हाला पूजा शिकवताय, पण तुम्हाला कुठे अनुभव आहे? आधी लग्न करा."

याच दिवसांत आई आली.

आईचा हा पहिला विमानप्रवास. बाबा मी कॉलेजात असताना गेले. आमची पिठाची गिरणी होती, ती त्यानंतर आईने चालवली. पट्टा चढवणं, जात्याच्या दगडांना टाकी लावून घेणं, वीज कधी जाईल नि कधी येईल त्यावर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणं, सगळं. मी आज जो काही आहे तो त्या गिरणीच्या आवाजात वाढलेला आहे. सिंगापुरात मात्र तिला करायला काहीच नव्हतं. फ्लॅट दोन तासांत लख्ख व्हायचा. मग ती खिडकीत बसून खालचं हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांची गर्दी, बघायची आणि संध्याकाळी मला विचारायची, "इथली माणसं घरी स्वयंपाकच करत नाहीत का रे?"

पहिल्या शनिवारी तिला हॉलवर नेलं ते बघायला म्हणून. ती खुर्चीवर बसली. दोनच नाच झाले असतील, ऑन्टी तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. बायका जास्त असल्यामुळे ऑन्टी नेहमी डावीकडची, म्हणजे पुरुषाची जागा घ्यायची. आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने पदर खोचला आणि उठली.

आई नाचेल असं मला वाटलं नव्हतं, पण तिने सगळ्यांची दाणादाण उडवली. या नाचात गिरकी घेताना दोघांनी एकमेकांना थोडं ओढून धरायचं असतं, म्हणजे भार सावरतो. आईचा हात गिरणीचा. तिने ऑन्टीला असं धरलं आणि असं फिरवलं की ऑन्टी ओरडलीच, "वाह, सो स्ट्राँग, यू!" मग रांगेतला प्रत्येक जण आपली पाळी यायची वाट बघू लागला. जुरोंग ईस्टवाली तिच्याकडून फिरून आली ती केस सावरतच. "काकू, मिक्सरमधून काढल्यासारखं वाटलं!" आई खळखळून हसली. बाबा गेल्यापासून ती इतकी मोकळी हसलेली मी पाहिली नव्हती.

आणि मग तिचं टोक आलं. मी सवयीने ओरडलो, "पूजा!" ऑन्टी जागा बदलून उभी राहिली. आई तिच्या उजवीकडे गेली नाही. ती सरळ रांगेबाहेर पडली आणि टेबलाशेजारच्या खुर्चीत जाऊन बसली.

मला वाटलं, दमली. पुढच्या नाचाला ती पुन्हा उभी राहिली, मधे सुंदर नाचली, आणि टोकाला आली की पुन्हा बाहेर. पुढच्या शनिवारी तेच. ऑन्टी एकटीच टोकाला हात पसरून उभी राहायची. "तुझी आई कुठे जाते, लाह? येतं तिला सगळं." पुढचा गट मोडायचा. आईच्याही ते लक्षात यायला लागलं होतं. त्या शनिवारी घरी येताना एमआरटीच्या गाडीत ती म्हणाली, "पुढच्या वेळेपासून मी बसूनच बघेन. माझ्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा होतो."

आठवड्यातला तो एकच दिवस होता, ज्याची ती वाट पाहायची. बाकीचे दिवस ती माझ्यासाठी काढत होती. तो एक तिचा होता.

मी अर्थातच शिक्षकासारखा विचार केला. हिला टोक समजलेलं नाही, समजावून देऊ. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडल्या. स्टीलच्या वाट्या पुरुष, काचेच्या बायका. मी एक जोडी टोकापर्यंत सरकवली आणि विचारलं, "आता?"

आईने दोन बोटांनी वाट्या उचलल्या, अदलाबदल करून ठेवल्या आणि म्हणाली, "आता हे थांबणार. खालून ते येतील. मग हे निघाले." वाट्या पुन्हा आत सरकल्या. एकही चूक नाही. "मला काय बालवाडीत घातलंयस का?"

"मग तिथे बाहेर का जातेस?"

ती वाट्या एकात एक घालायला लागली.

"आई?"

"तुम्ही सगळे पूजा पूजा ओरडता. मी काही ठरवून नाही उठत. पाय आपले बाजूला होतात."

मला मग आठवलं. बाबांनंतर आमच्या घरी श्रावणात सत्यनारायण व्हायचा तेव्हा पाटावर चुलतभाऊ आणि वहिनी बसायचे. शिरा आई करायची, केळीचे खांब आई बांधायची, भटजींना फोन आई करायची. आणि पूजा सुरू झाली की ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसायची. तिला तिथे बस असं कोणी सांगितल्याचं मी ऐकलं नाही. तसं सांगायची कोणाला गरजच पडली नाही.

"मी तो शब्द बंद करतो," मी म्हटलं.

"काही नको. चांगला शब्द आहे. त्या सगळ्यांना त्यानेच कळलं ना? मी दोन महिन्यांची पाहुणी. पाहुणीसाठी कोणी घरातलं सामान हलवतं का?"

मी ऐकलं नाही. बाईंना फोन करून सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, त्यांचा नवरा जिवंत असूनही त्याने कधी नाचात पाऊल टाकलं नाही, त्यामुळे रांगेत आपल्याला जागा कोण देतं हा प्रश्न त्यांना चांगला कळतो. शब्द बदलू या. मी 'बदला' सुचवला, सोपा म्हणून.

शनिवारी आई खरंच खुर्चीत बसली. सोबत शेंगा सोलायला आणल्या होत्या. ऑन्टीला जोडीदार नव्हता म्हणून तीही तिच्याशेजारी बसली आणि शेंगा सोलायला लागली.

नाच सुरू झाला. पहिलं टोक आलं. बाईंनी माईकवरून म्हटलं, "बदला!"

जुरोंग ईस्टच्या नवऱ्याने बदललं. म्हणजे तो आणि बायको दोघंही एकदम कडक 'मागे फिर' वळले. बायको डाव्या हाताला. दुसऱ्या टोकाला एका विद्यार्थ्याने समोरच्या जोडीतल्या मुलीशीच जागा बदलली. खालून येणारे आदळले. कोणाचा तरी हात कोणाच्या तरी चष्म्याला लागला. रांगेचं पार भजं झालं. बाईंनी संगीत थांबवलं.

"अहो सर, पूजेचं काय झालं?" जुरोंग ईस्टवाली ओरडली. "चांगली चालली होती की पूजा!"

उत्तर खुर्चीतून आलं.

"पूजाच म्हणा." आईने शेंगांची पिशवी खाली ठेवली. "हा उगाच शहाणपणा करतोय."

"आई—"

"थांब जरा." ती उठली. ऑन्टीलाही हाताला धरून उठवलं. दोघी रांगेच्या वरच्या टोकाला गेल्या, जिथे मोकळी जागा होती. ऑन्टी सवयीने डावीकडे उभी राहायला गेली. आईने तिला दंडाला धरून थांबवलं आणि उजव्या बाजूला आणलं. स्वतः डावीकडे उभी राहिली.

ऑन्टी गोंधळली. "आय ऑलवेज लेफ्ट, लाह."

आईला इंग्रजी येत नाही. ती मराठीतच बोलली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी. "आज तू उजवीकडे. गिरणी कोणी चालवली? घर कोणी चालवलं? मग यजमान कोण?"

मराठी माणसांना सगळ्यांना समजलं होतं आणि बाकीचे आमच्या तोंडांकडे बघत होते. मग जुरोंग ईस्टवालीने टाळ्या वाजवल्या. "काकू, यजमान व्हायला सोवळं नेसावं लागतं!"

"तुझ्या नवऱ्याने जीन्सवरच केली म्हणालीस ना पूजा? मला साडी चालेल."

हशा झाला. बाईंनी मला खुणेने विचारलं, काय म्हणाली? मी सगळं सांगत बसलो नाही. "शी विल डान्स ऑन द लेफ्ट," एवढंच म्हणालो. बाईंनी मान डोलावली आणि संगीत लावलं.

डावीकडची जागा आईला कोणी शिकवली नव्हती. ती दोन-तीनदा चुकली, एकदा ज्या हाताने जायचं त्याच्या उलट्या हाताने गेली, आणि समोरचा विद्यार्थी तिच्या गिरकीने जवळजवळ भिंतीपर्यंत पोचला. ऑन्टी उजवीकडे नवखी, तीही चुकली. दोघी एकमेकींना आपापल्या भाषेत रागवत होत्या. आई "अगं इकडे, इकडे," ऑन्टी "नो, नो, दिस वे!" पण दोघी रांगेतून बाहेर पडल्या नाहीत. खालपर्यंत गेल्या, एकेक घर सरकत.

मी खालच्या टोकाला उभा होतो. त्या दोघी तिथे पोचल्या. पुढे कोणी नव्हतं. मी ओरडावं की नाही या विचारात होतो, तेवढ्यात रांगेतूनच तीन-चार जण ओरडले, "पूजा!"

आईने जागा बदलली. ऑन्टी तिच्या उजवीकडे आली. एक फेरी थांबायचं होतं. ऑन्टीचे हात मोकळे होते, ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. आईने तिचा हात घेतला आणि आपल्या उजव्या दंडावर ठेवला. भटजी सांगतात, "हाताला हात लावा," तेव्हा बायको लावते ना नवऱ्याच्या दंडाला, तसा. ऑन्टीला त्यातलं काही माहीत असायचं कारण नाही. तिने हात तिथेच ठेवला.

दोघी तशा उभ्या होत्या. आईचं सगळं लक्ष वरून सरकत येणाऱ्या जोडीकडे होतं, गिरणीत पुढचा डबा कोणाचा हे बघताना असायचं तसं. धून बदलली. जुरोंग ईस्टची जोडी समोर आली, पण नवरा आईला डावीकडे बघून जरा घुटमळला, आता कुठला हात द्यायचा म्हणून.

आईने दोन्ही हात पुढे केले. "या, या. बघत काय राहिलायस? मागे माणसं खोळंबलीत."